चौथा म्हणून ठेवलेला गोटा

माणसाच्या नाकाला सुतळी लावून फोटो काढणारा मी आमच्या जिल्ह्यातला पहिला, आणि देवाच्या दयेनं शेवटचाच. ही थट्टा माझी नाही, माझ्या एका मित्राची आहे. पण ती खरी होती, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

निजामाच्या राज्याची ती शेवटची दोन-तीन वर्षं. माझे मामा फौजेत होते. लढाई संपल्यावर ते परतले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत एक परदेशी कॅमेरा होता, दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढा. कुणा गोऱ्या साहेबानं मायदेशी जाताना त्यांना तो बक्षीस दिला होता. मामांना त्याचं काही अप्रूप नव्हतं. "तू शिकलेला आहेस, तुला तरी उपयोग होईल," म्हणून त्यांनी तो माझ्या हातात ठेवला आणि त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही.

त्या कॅमेऱ्याचं सगळं मोल त्याच्या भिंगात होतं. उस्मानाबादेत तेव्हा एक फोटोवाला होता. तो काळ्या कापडात डोकं घालायचा आणि गिऱ्हाइकाला भर उन्हात स्टुलावर बसवायचा. त्याच्या भिंगाचं तोंड बारीक, त्यामुळं त्याला ऊन लागायचं. म्हणून आमच्या गावातल्या त्या काळच्या सगळ्या फोटोंत माणसं डोळे बारीक करून, कुणावर तरी चिडल्यासारखी बसलेली दिसतात. माझं भिंग वाटीसारखं उघडं होतं. घरात, खिडकीच्या उजेडात, अगदी समईपाशीसुद्धा त्यानं फोटो निघायचा. माणूस आपल्या जागी, आपल्या चेहऱ्यानं बसलेला मिळायचा. मी ज्याला त्याला सांगत सुटलो होतो की माझ्या भिंगाला अंधार माहीतच नाही. वयच तसं होतं. उथळ पाण्याला खळखळाट फार.

त्या भिंगाची एक खोड मात्र होती. ते सताड उघडलं की नेमक्या एका अंतरावरचं तेवढं स्पष्ट यायचं. चार बोटं अलीकडं, चार बोटं पलीकडं, बस. बाकी सगळं धुक्यात जायचं. अंतर भिंगाभोवतीचं कडं फिरवून फुटांच्या आकड्यावर लावायचं असे, आणि नुसत्या नजरेनं फूट ओळखायला मी काही गवंडी नव्हतो. म्हणून मी एक सुतळी केली. दर फुटाला एक गाठ. एक टोक कॅमेऱ्याला बांधलेलं, दुसरं समोरच्याच्या नाकाला टेकवायचं, गाठी मोजायच्या, कडं त्या आकड्यावर लावायचं आणि दम द्यायचा, की आता हलायचं नाही.

आम्ही चौघे मित्र. जिल्ह्याच्या गावी एकाच शाळेत, एकाच बाकावर, उर्दूतून शिकलेले. एक मी. दुसरा वाण्याचा मुलगा, मूळचा उमरग्याकडचा, घरात कानडी आणि बाहेर मराठी बोलणारा. तिसरा तहसील कचेरीतल्या पेशकारांचा मुलगा. त्याचं उर्दू अक्षर इतकं देखणं की शाळा सुटल्यावर त्यालाही कचेरीतच चिकटवून घेतलं. आणि चौथा तेरचा. त्याच्याविषयीच मला लिहायचं आहे आणि त्याच्याशीच येऊन माझं लिहिणं दरवेळी थांबतं.

त्याचं घर घोंगडी विणणाऱ्यांचं. वडील गेले तेव्हा त्यानं शाळा सोडली आणि मागावर बसला. आई लोकर कातायची, चिंचोके शिजवून कुटून त्यांची खळ करायची, ताण्याला लावायची आणि हा विणायचा. दोघांचंच घर. तो दिसायला साधा, बोलायला कमी. पण त्याची एक सवय आम्हा सगळ्यांना पाठ होती. तो दुसऱ्याला जागा द्यायचा. बाकावर उशिरा कुणी आला की हा सरकायचा. आणखी कुणी आला की आणखी सरकायचा. शेवटी त्याचा एक पाय जमिनीवर आणि अर्धं अंग बाकाबाहेर. बार्शीच्या छोट्या आगगाडीत तर तो कधी बसलेला मी पाहिलाच नाही. आम्ही त्याला चिडवायचो, "तुझ्या लग्नात पाटावर दुसराच कुणीतरी बसंल आणि तू उभा राहून अक्षता टाकशील." तो हसायचा आणि म्हणायचा, "बसू दे की. दमला असंल बिचारा."

तो फोटो आम्ही काढला थंडीत, इंग्रज गेले त्याच्या पुढच्या हिवाळ्यात. वातावरण तापत चाललं होतं. वाण्याच्या मुलाला त्याचे वडील सोलापूरला नातेवाइकांकडं पाठवणार होते. पुन्हा चौघे कधी एकत्र येऊ हे कुणालाच सांगता येत नव्हतं, म्हणून एका शुक्रवारी तेरला जमायचं ठरलं. शुक्रवारी कचेरीला सुट्टी. पेशकारांचा मुलगा नमाज उरकून निघाला, त्यामुळं आम्ही पोचेपर्यंत दिवस कलला होता.

रोलात दोनच फोटो उरले होते. लढाईनंतर रोल मिळणं म्हणजे पायपीट. त्यातला एक मी गेल्या गेल्या नुसता मागाचा काढून टाकला, भिंगाची करामत दाखवायला. आता उरला एक.

मागाची खोली ठेंगणी, भिंती मातीच्या, एकच झरोका. त्यात काळी लोकर, काळी घोंगडी, खळीचा आंबूस वास. काळ्या लोकरीचा एक गुण मला तेव्हा माहीत नव्हता. ती उजेड गिळते. पांढऱ्या भिंतीच्या खोलीत जेवढ्या उजेडात फोटो निघतो, तेवढ्यात इथं काहीच निघत नाही. माझ्या मित्राची आई ते मला सांगत होती. दाराच्या उंबऱ्यात उभी राहून ती म्हणाली, "अंगणात काढा की रं. हितं सगळं काळंच. काय दिसल?"

"मावशी, तुम्ही बघाच," मी म्हणालो. "ह्या भिंगाला अंधार माहीत नाही."

नंतर मी सगळ्यांना असं सांगितलं की चार पोरं कॅमेरा घेऊन अंगणात दिसली असती तर चावडीवरून बोलावणं आलं असतं. ते दिवस तसे होतेही. पण त्या अंगणाला पुरुषभर उंचीची भिंत होती. बाहेरून कुत्रंसुद्धा दिसलं नसतं. मला फक्त माझं भिंग दाखवायचं होतं.

तिघांना मी मागाच्या अलीकडं, घोंगडीच्या घडीवर बसवलं. तेरचा मधे बसायला तयार नव्हता. त्याला बखोटीला धरून बसवावं लागलं. मी सुतळीचं टोक त्याच्या नाकाला टेकवलं. बरोबर सहावी गाठ. पेशकारांचा मुलगा म्हणाला, "काय जी, दोस्ताला वेसण घालायला लागलास काय?" वाण्याचा मुलगा लोळण घेऊन हसला. मी कडं सहावर लावलं आणि सुतळी सोडली.

तेवढ्यात आईनं पाहिलं की तिघेच बसले आहेत.

"तिघांचा नगं," ती घाईनं आत येत म्हणाली. "तिघांचा फोटू काढू न्हाय रं. एक कमी हुतो."

तीन तिगाडा काम बिगाडा, हे आमच्याकडं तान्ह्या पोरालाही माहीत. ताटात तीन भाकरी वाढत नाहीत. तिघे कामाला निघाले तर चौथा म्हणून एक खडा खिशात टाकतात. मी म्हणालो, "मावशी, चौथा मी आहे की."

"तू फोटूत हायस का? न्हायस."

तेव्हा माझा मित्र म्हणाला, "मंग माय, तूच ये की चौथी. हितं बस, माझ्याम्होरं." आणि त्याच्या सवयीप्रमाणं तो सरकला. चांगला हातभर मागं सरकला, मागाच्या खांबाला पाठ टेकून बसला आणि पुढं मोकळ्या झालेल्या घडीवर हातानं थापटी मारली.

ती आली नाही. नवरा गेलेल्या बाईनं पोरांच्या फोटोत बसणं त्या काळी बायकांना स्वतःलाच अपशकुनी वाटायचं. "व्हय, माझंच काय नडलंय फोटूत बसायचं," म्हणत तिनं पदर तोंडावर ओढला, कोपऱ्यात गेली आणि चिंचोके कुटायचा गोटा घेऊन आली. काळा, नारळाएवढा, वापरून वापरून एका अंगाला चपटा झालेला. तिच्या सासूच्या हातचा होता तो. ज्या जागेवर त्यानं थापटी मारली होती, नेमका तिथं तिनं तो ठेवला.

"ह्यो चौथा," ती म्हणाली आणि तिच्या चेहऱ्यावर खरंच हायसं वाटल्याचं दिसलं.

आता मी पुन्हा सुतळी लावायला हवी होती. मला ते कळलं नाही असं नाही. कळलं होतं. पण झरोक्यातला उजेड तांबडा होऊन उतरत होता, पुन्हा वेसणीची थट्टा झाली असती, आणि ज्याच्या भिंगाला अंधार माहीत नाही त्यानं माणसं दोनदा मापत बसणं मला कमीपणाचं वाटलं. मी कॅमेरा भाकरीच्या दुरडीवर टेकवला आणि "एक" म्हणेपर्यंत भिंग उघडं राहील अशी कळ दाबली. आणि त्याच वेळी, अगदी त्याच वेळी, तो दाराकडं मान वळवून म्हणाला, "माय, आता तरी ये."

रोल वाण्याच्या मुलानं बरोबर सोलापूरला नेला. धुवून, छापून पाठवीन म्हणाला. पण पुढं नाके बसले, येणारं-जाणारं सामान उघडलं जाऊ लागलं आणि फोटो तिकडंच राहिले.

त्या वर्षाबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे, मला त्यात भर घालायची नाही. आमच्या भागातली पुष्कळ घरं निजामाची सरहद्द ओलांडून बार्शीकडं गेली, तसं आमचंही गेलं. तेरहून दोन बैलगाड्या निघाल्या. पहिल्या गाडीत त्याची आई होती. त्याचीही जागा त्याच गाडीत होती. ऐन निघताना एक बाळंतीण आली आणि हा उतरला. आईला म्हणाला, "म्या मागच्या गाडीत येतो. तू हो म्होरं." मागची गाडी दुसऱ्या दिवशी पोचली. गाडीवान म्हणाला, पोरगा ओढ्यापर्यंत होता. तिथं एक म्हातारा पायी चाललेला दिसला, त्याला यानं आपल्या जागी बसवलं आणि मागून चालत यायला लागला. अंधार पडला होता. पुढं गाडीवानानं मागं वळून हाक मारली तेव्हा ओ आली नाही.

एवढंच. त्यापुढं आजतागायत काही कळलं नाही. मारला गेला, पाण्यात गेला, पकडला गेला, आजारी पडून कुठं अनोळखी म्हणून पडला, कुणालाच ठाऊक नाही.

त्याची आई बार्शीजवळच्या एका गावी नात्यातल्या घरात राहिली होती. मी भेटायला गेलो तेव्हा ती रडत नव्हती. ती माझी वाटच बघत होती. माझा हात धरून म्हणाली, "बाबा, फोटू हाय की तुझ्याकडं. त्यो दावत फिरू. ज्यानं बघितला असंल त्यो वळखंल."

मला तोपर्यंत ते सुचलंच नव्हतं. तिच्या तोंडून ऐकलं आणि मला एकदम बळ आलं. त्याचा दुसरा फोटो जगात नव्हता. पेशकारांचा मुलगा उस्मानाबादेतच होता. त्यानं येणाऱ्याबरोबर निरोप धाडला होता की तस्वीर पाठव, मी दवाखान्यांत, तुरुंगांत, सगळीकडं अर्ज लावतो, माझ्या अक्षराला कुणी नाही म्हणत नाही. मी सोलापूर गाठलं. वाटभर मला वाटत होतं की आपल्या हातून आयुष्यात एक तरी काम देवानं वेळेवर करून घेतलं.

वाण्याचा मुलगा मला फोटोच्या दुकानात घेऊन गेला. पाकिटात मागाचा फोटो होता आणि त्याच्याखाली आमचा.

गोटा सुरेख आला होता. त्याच्यावरचे टाचणीएवढे खड्डे मोजता येत होते, चपट्या बाजूला चिकटलेली खळ दिसत होती. डावीकडं वाण्याचा मुलगा आणि उजवीकडं पेशकारांचा, थोडे मऊ पण स्वच्छ ओळखू येणारे. आणि मधे, गोट्याच्या मागं, काळ्या घोंगडीच्या अंधारात एक फिकट डाग. पाटीवर लिहिलेलं ओल्या फडक्यानं एकदा पुसल्यावर उरतं तसा. मान वळली तिकडं तो डाग जरा ओढला गेला होता. डोळे नाहीत, नाक नाही.

दुकानदार भला माणूस होता. त्याला काय माहीत. तो म्हणाला, "भिंग उत्तम आहे हो तुमचं. काय दगड आलाय!"

तरी मी तो फोटो घेऊन फिरलो. बार्शीला, कुर्डुवाडीच्या स्टेशनवर, जिथं जिथं आमच्याकडची माणसं उतरली होती तिथं. लोक फोटो हातात घ्यायचे, उजेडाकडं धरायचे आणि वाण्याच्या मुलावर नाहीतर पेशकारांच्या मुलावर बोट ठेवून विचारायचे, "ह्यो का?" मी म्हणायचो, "नाही, मधला." मग ते माझ्याकडं बघायचे. एक म्हातारा गाडीवान कितीतरी वेळ फोटो निरखत बसला. मला वाटलं, ह्याला काहीतरी आठवतंय. शेवटी तो म्हणाला, "पोरा, हा दगुड कुठं दिसला तर म्या सांगीन. मानसाचं न्हाय सांगता येत."

पेशकारांच्या मुलानं अर्ज लावलेच. फोटोशिवाय. उंची, रंग, हनुवटीवरचा व्रण, सगळं त्यानं त्या देखण्या अक्षरात लिहिलं होतं. एका दवाखान्यातून उत्तर आलं की ह्या वयाचे तीन बेवारस आले होते, पैकी कोण ते ठरवण्यासाठी तस्वीर पाठवावी. ते पत्र त्यानं मला पाठवलं. ते मी जपून ठेवलेलं नाही.

आई विचारायची, "दावला का फोटू?" मी म्हणायचो, दाखवतोय मावशी. "मला तरी बघू दे की त्याचं त्वांड." मी म्हणालो, तो अर्जाबरोबर गेला, परत आला नाही. हे पहिलं खोटं. दुसरं त्याहून वाईट. वाण्याच्या मुलानं एकदा विचारलं, "अरे, पण नेमका त्याचाच चेहरा कसा गेला?" त्याला मी म्हणालो, "त्या गोट्यानं घात केला. त्याला जागा द्यायला तो मागं सरकला ना." हे बोलताना मला कसं हलकं वाटलं होतं ते मला अजून आठवतं. सुतळीबद्दल मी अवाक्षर काढलं नाही.

निजामाचं राज्य गेलं. माणसं आपापल्या घरी परतली. तिचा मुलगा परतला नाही. पेशकारांचं घर पुढं हैदराबादेत गेलं, पत्रं कमी झाली, थांबली. मी शाळेत मास्तर झालो. कॅमेरा मामांना परत दिला. सुतळी का कोण जाणे ट्रंकेत राहिली. तेरला मी सणावाराला जायचो. मावशी जेवायला वाढायची, इकडचं तिकडचं बोलायची. एक दिवस माझ्या लक्षात आलं की ती आता फोटोबद्दल विचारत नाही. मला वाटलं, विसरली. माझं मन इतकं निगरगट्ट होतं की त्याचंही मला बरंच वाटलं.

सात-आठ वर्षं गेली असतील. वाण्याच्या मुलाच्या घरच्या एका लग्नात आम्ही दोघे मांडवाबाहेर बसलो होतो. फोटोवाला नवरा-नवरीला पाटावर सरळ बसवत होता, त्यावरून तेरची आठवण निघाली. तो सहज म्हणाला, "तिनं तो गोटा तेरणेत टाकला. तुला माहीत नाही?"

"कोणता गोटा?"

"तोच. मागंच मी तिला बोललो होतो, की मावशी, फोटोत गोटा तेवढा आला, तुमच्या लेकाचा चेहरा गोट्यामुळं गेला. तूच तर सांगितलं होतंस. नंतर शेजारणीकडून कळलं, त्याच संध्याकाळी एकटी नदीवर गेली आणि टाकून आली. तेव्हापासून चौथा-बिवथा काही बघत नाही म्हणे ती. तीन भाकरी वाढून घेते."

मी जेवलो नाही. नवरदेवाकडच्यांनी आग्रह केला, त्यांच्यावर उगाच खेकसलो. तिला वाटत होतं की मुलाला वाचवायला ठेवलेल्या गोट्यानं मुलाचा माग पुसला. इतकी वर्षं ती माझं पाप उराशी धरून मला जेवायला वाढत होती.

दुसऱ्या दिवशी सुतळी आणि फोटो घेऊन मी तेरला गेलो. सकाळची वेळ. ती उंबऱ्यावर चरखा घेऊन लोकर कातत होती. आत माग तसाच उभा होता, तिनं तो काढू दिला नव्हता. मी काही प्रस्तावना केली नाही. फोटो तिच्या हातात दिला.

ती खूप वेळ बघत राहिली. मला वाटलं होतं ती गोट्याकडं बघेल. तिनं बोट ठेवलं ते त्या डागावर. "त्वांड हिकडं वळवलंय," ती म्हणाली. "दाराकडं. मला हाक मारतुया त्यो." मग बोट खाली आलं. "आन ही माझी जागा. त्यानं माझ्यासाठी केलेली. म्या तिथं दगुड ठिवला."

"मावशी, दगडाचं काही नाही त्यात," मी म्हणालो. "तुमचंही नाही. माझं ऐका."

तोंडानं सांगणं मला जमेना. मी सुतळीचं एक टोक माझ्या छातीशी धरलं, दुसरं तिच्या हातात दिलं आणि म्हणालो, नाकाला लावा. तिनं लावलं. मी गाठी मोजून दाखवल्या. "इथं तो होता. इतक्यावर मी भिंग लावलं. आता तुम्ही मागं सरका." ती बसल्या बसल्या हातभर मागं सरकली. सुतळी ताणली गेली, माझ्या बोटांतून सुटली आणि खाली पडली. "आता तुम्ही सातवीच्याही पुढं गेलात, आणि भिंग सहावरच राहिलं. गोटा सहावर होता म्हणून तो आला. मी पुन्हा मापायला हवं होतं. मी मापलं नाही."

ती विणणाऱ्याची बाई. तिला दोनदा सांगावं लागलं नाही. "ताणा हलला की पुन्यांदा मापावा लागतो," ती हळूच म्हणाली. "हे तर शेंबडं पोर बी सांगल."

"हो."

"म्हंजी गोट्याचं काय बी न्हवतं."

"नाही."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं आता ती रडेल, नाहीतर मला शिव्या देईल. दोन्हींची माझी तयारी होती, किंबहुना त्यासाठीच मी आलो होतो. तिनं डोळे उघडले आणि एखाद्या पोराला खरोखर माहिती विचारावी तसं विचारलं, "मंग तवा पुन्यांदा का न्हाय मापलंस, बाबा?"

"उजेड चालला होता, मावशी."

तिनं माझ्यावरून नजर काढली आणि बाहेर बघितलं. अंगणात ऊन पडलं होतं, भिंतीपासून भिंतीपर्यंत.

"उजेड व्हता की," ती म्हणाली. "अंगणात व्हता. म्या म्हनले व्हते तुला."

तिच्या आवाजात राग नव्हता. सुतळीचं टोक तिनं अजून नाकापाशीच धरलं होतं.